डाळ किती, अंडं किती, मटण किती? प्रथिनांबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रथिनांबद्दल औसा, रेणापूर, माजलगाव, वसमत, जिंतूर, भोकर अशा बऱ्याच ठिकाणांहून पत्रं आली. त्यातली सात इथं घेतली आहेत. उत्तरांतले बहुतेक आकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांशी जुळवून, हिशेबाला सोपे जावेत म्हणून पूर्णांकात दिले आहेत. एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा. डाळ, पीठ, सोयावडी यांचं वजन म्हणजे कच्च्या, कोरड्या जिनसाचं वजन. शिजल्यावर पाणी शिरून वजन दुप्पट-तिप्पट होतं, प्रथिनं मात्र आधी होती तेवढीच राहतात. घरोघरी हिशेब चुकतो तो इथंच.

प्रश्न : आम्ही माळकरी आहोत. घरात अंडं-मटण चालत नाही. मुलगा चौदा वर्षांचा आहे, अंगात काही लागत नाही. डॉक्टरांनी प्रथिनं वाढवा म्हणून सांगितलं. शेजारी म्हणतात, अंड्याशिवाय ताकद येत नाही. वरण-भाकरीवर भागेल का? (वाचक भगिनी, ता. औसा, जि. लातूर)

उत्तर : भागेल, पण त्यासाठी वरणात डाळ पुरेशी हवी.

तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण ४५ ग्रॅम प्रथिनं लागतात. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात १० ग्रॅम प्रथिनं असतात. एका मध्यम भाकरीला ७५ ग्रॅम पीठ लागतं असं धरलं, तर चार भाकरींतून ३० ग्रॅम प्रथिनं मिळाली. आकडा मोठा दिसतो, पण ही प्रथिनं अपुरी आहेत. प्रथिनं अमिनो आम्लांची बनलेली असतात आणि त्यांतली नऊ शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच मिळावी लागतात. ज्वारीत त्यांतलं लायसिन फार कमी आहे. जे आम्ल सगळ्यात कमी पडतं, त्याच्याच मापानं शरीर बाकीची वापरतं. उरलेली जळणासारखी खर्ची पडतात. ५० किलो वजनाच्या माणसाला दिवसाला दीड ग्रॅम लायसिन हवं. ३०० ग्रॅम ज्वारीत त्याच्या निम्मंही नसतं. दुसरीकडे अवघ्या ५० ग्रॅम तुरीच्या डाळीत जवळपास तेवढंच लायसिन आहे जेवढं त्या चारही भाकरींत मिळून आहे. डाळीत मेथिओनिन हे त्या नवांतलंच दुसरं आम्ल कमी असतं, ते भाकरी भरून काढते. म्हणून भाकरी-वरणाची जोडी शास्त्राच्या कसोटीवरही उतरते. ही जोडी एकाच घासात जुळायला हवी असंही नाही. सकाळी भाकरी-ठेचा आणि संध्याकाळी घट्ट उसळ असेल, तरी दिवसाचा हिशेब जुळतो.

आता माप. धान्य तीन भाग असेल तर डाळ-कडधान्य एक भाग हवं. म्हणजे ३०० ग्रॅम पिठाला १०० ग्रॅम डाळ, उसळ, बेसन मिळून. पाच माणसांच्या घरात एका वेळच्या वरणाला एक वाटी डाळ टाकली जाते. ती वाटी तोलून पाहा, साधारण १२० ते १५० ग्रॅम भरेल. म्हणजे माणशी २५ ते ३० ग्रॅम डाळ आणि सहा ग्रॅम प्रथिनं. पाहुणे आले, पाणी वाढलं की तीही कमी होतात. शिवाय वरण ढवळल्याशिवाय वाढलं तर वरचं पाणी लेकरांच्या ताटात जातं आणि गाळ पातेल्यात राहतो. प्रथिनं त्या गाळात असतात. प्रत्येक डाव तळातून ढवळून वाढा.

तुमच्या मुलासाठी दिवसाचं साधं गणित असं : चार भाकरी ३० ग्रॅम, दोन वेळचं घट्ट वरण (६० ग्रॅम डाळ) १३ ग्रॅम, म्हशीचं दूध पाव लिटर ९ ग्रॅम, शेंगदाणे २५ ग्रॅम ६ ग्रॅम. बेरीज ५८. वनस्पतीतली प्रथिनं पचायला थोडी कमी पडतात, ती घट धरूनही ४५ ची गरज निघते. यात पिठलं, हुलग्याचे शेंगोळे, मटकीची उसळ, धपाटे हे फिरवत राहा, म्हणजे मुलगा कंटाळणार नाही. हिवाळ्यात तुरीचे सोले आणि हरभऱ्याचे सोलाणे आहेतच. ओल्या दाण्यात पाणी जास्त असतं, म्हणून सोले घेताना वाळल्या डाळीच्या दुप्पट-अडीचपट घ्यावे लागतात.

ज्वारीबद्दल आणखी एक. तिची प्रथिनं शिजवल्यावर एकमेकांना घट्ट बिलगतात आणि गव्हा-तांदळापेक्षा पचायला जड जातात. पीठ रात्रभर आंबवून केलेली आंबील या दृष्टीनं चांगली, आंबवण्यानं ती पकड सैल होते. परभणीच्या कृषी विद्यापीठानं 'परभणी शक्ती' हा लोह आणि जस्त जास्त असलेला ज्वारीचा वाण दिला आहे. घरच्या खाण्यापुरता तो पेरता आला तर जरूर पेरा. रक्तवाढीसाठी त्याचा उपयोग होईल. लायसिनसाठी मात्र डाळच लागेल.

तुमच्या घरानं एका गोष्टीकडे डोळेझाक करू नये : ब-१२ जीवनसत्त्व. ते डाळी-भाज्यांत नसतंच. माळकरी घरात दूध-दही-ताक हाच त्याचा आधार. चहात पडणारं दूध धरू नका. रोज पाव ते अर्धा लिटर दूध किंवा दही मुलाच्या पोटात जायला हवं. अंगात काही लागत नाही अशी तक्रार असेल तर हिमोग्लोबिनबरोबर ब-१२ ची रक्ततपासणीही डॉक्टरांना विचारून करून घ्या. कमी निघालं तर गोळी किंवा इंजेक्शन लागतं, नुसत्या दह्यावर भरपाई होत नाही.

प्रश्न : आमच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजतच नाही. पाच-सहा शिट्ट्या झाल्या तरी दाणा तसाच. सोडा टाकला तर चालतो का? (वाचक, ता. गेवराई, जि. बीड)

उत्तर : हा प्रश्न आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. दाणा कच्चा राहिला की घरातली माणसं तो ताटात बाजूला सारतात आणि नुसता रस्सा भाकरीवर घेतात. प्रथिनं उष्ट्यात जातात.

जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असतं. दाण्याच्या पेशींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन त्यांच्यामुळे आणखी घट्ट होतं, दाणा फुटत नाही. डाळ जुनी असेल, उन्हाळाभर पत्र्याखाली तापलेल्या खोलीत पडून असेल, तर अडचण दुप्पट. असा दाणा आतून टणक होतो आणि पुढे कितीही शिजवला तरी मऊ पडत नाही.

डाळ शिजवण्यापुरतं पाणी वेगळं घ्या. पावसाचं साठवलेलं किंवा फिल्टरचं दोन लिटर पाणी पुरतं. तेही नसेल तर बोअरचं पाणी दहा मिनिटं खळखळ उकळा, निवू द्या, तळाला पांढरा थर बसेल तो तसाच ठेवून वरचं पाणी घ्या. सगळा जडपणा जात नाही, पण फरक पडतो. तूर डाळ एक तास भिजवा. अख्खा हरभरा, हुलगे आठ ते दहा तास. अख्खी कडधान्यं भिजवताना लिटरभर पाण्यात एक चमचा मीठ टाका, साल मऊ पडते. ते पाणी ओतून द्या. चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ शिजल्यावरच घाला. आंबटानंही दाणा कडक राहतो.

सोडा चिमूटभर चालतो, म्हणजे पाव किलो डाळीला पाव चमच्याच्याही निम्मा. त्यानं डाळ लवकर शिजते, पण ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं आणि जास्त पडला तर वरणाला साबणासारखी चव येते. भिजवून आणि पाणी बदलून भागत असेल तर सोड्याच्या वाटेला जाऊ नका.

प्रश्न : घरी सोयाबीन पिकतं. गव्हात मिसळून दळून आणलं तर पोळीला उग्र वास आला, सगळ्यांना गॅस झाला, पोटं दुखली. सोयाबीन खायचंच नसतं का? (वाचक, ता. रेणापूर, जि. लातूर)

उत्तर : ज्या भागात सोयाबीनचे ट्रकच्या ट्रक तेलाच्या कारखान्याकडे जातात, तिथल्या घरात ते शिजत नाही याची आम्हाला खरोखर हळहळ वाटते. १०० ग्रॅम सोयाबीनमध्ये ३६ ते ३८ ग्रॅम प्रथिनं असतात, तुरीच्या डाळीच्या दीडपटीहून जास्त. त्याची अमिनो आम्लंही जवळजवळ दूध-अंड्याच्या तोडीची आहेत. चूक सोयाबीनची नाही, ते कच्चं दळलं गेलं.

कच्च्या सोयाबीनमध्ये असा एक घटक असतो, जो प्रथिनं पचवणाऱ्या ट्रिप्सिन या पाचकरसाला अडवतो. पोटात गेलेली प्रथिनं न पचता पुढं सरकतात. शिवाय त्यातल्या काही साखरा माणसाला पचत नाहीत, त्या मोठ्या आतड्यात आंबतात आणि गॅस धरतो. हा अडसर ओल्या उष्णतेनं मोडतो. नुसतं कढईत भाजून पुरत नाही, बाहेरून दाणा करपतो आणि आत कच्चा राहतो. जास्त भाजलं तर लायसिन जळतं, म्हणजे ज्यासाठी सोयाबीन घ्यायचं तेच जातं.

पद्धत अशी. एक किलो सोयाबीन निवडून, फुटके-काळे दाणे काढून धुवा. तीन लिटर पाणी खळखळ उकळू द्या आणि दाणे त्या उकळत्या पाण्यातच सोडा. थंड पाण्यात टाकून हळूहळू तापवू नका. उग्र वास दाण्यातल्या एका विकरामुळे येतो, तापत जाणाऱ्या पाण्यात त्याला काम करायला वेळ मिळतो, उकळत्या पाण्यात ते तिथल्या तिथं मरतं. पंचवीस ते तीस मिनिटं उकळत ठेवा. पाणी ओतून द्या, त्याबरोबर गॅस करणाऱ्या साखराही बऱ्याच जातात. गार पाण्यात चोळून सालं काढा. कडक उन्हात एक-दोन दिवस वाळवा. दाणा दाताखाली कट्‌कन मोडला की वाळला समजा. ओलसर राहिला तर पिठात बुरशी धरते.

असं एक किलो सोयाबीन नऊ किलो गव्हात मिसळा. पिठातली प्रथिनं शेकडा साडेदहावरून तेराच्या आसपास जातात आणि चवीत फरक कळत नाही. नुसतं सोयाबीन गिरणीत नेऊ नका, त्यात पाचव्या भागाइतकं तेल असतं, जातं चिकटतं. धान्यात मिसळूनच दळा. तेलामुळेच हे पीठ लवकर खवट होतं, म्हणून उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांपुरतं आणि थंडीत पंधरा दिवसांपुरतंच दळा. ज्वारीतही नवास एक हेच प्रमाण ठेवा. वाढवलं तर भाकरी थापताना कडा तुटतात. धपाट्यात मात्र चारास एकपर्यंत चालतं.

आता हात जोडून एक विनंती. पेरणीतून उरलेलं पिशवीतलं बियाणं कधीही, कोणत्याही भावात, खाण्यात घेऊ नका. त्याला बुरशीनाशक-कीटकनाशक चोळलेलं असतं. रंग धुतला तरी विष जात नाही, उकळूनही जात नाही. ते जनावरांनाही घालू नका. खाण्याचं सोयाबीन सुगी झाल्याबरोबर वेगळ्या पोत्यात, खूण करून ठेवा.

घरात कुणी थायरॉइडची गोळी घेत असेल तर सोयाबीन बंद करायची गरज नाही. गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यावी आणि सोयाबीनचं खाणं त्यानंतर चार तासांनी ठेवावं. सोयाबीन गोळीचं शोषण कमी करतं.

प्रश्न : गावरान अंड्यात जास्त ताकद असते का? आणि कच्चं अंडं दुधातून घेणं चांगलं का? (वाचक, ता. वसमत, जि. हिंगोली)

उत्तर : कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो, आतली प्रथिनं त्यावरून बदलत नाहीत. बाजारातल्या ५० ते ५५ ग्रॅमच्या अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात. गावरान अंडं बहुधा ३५ ते ४० ग्रॅमचं, त्यामुळे त्यात चार-साडेचार ग्रॅमच भरतात. चवीसाठी घ्या, ताकदीसाठी जास्त पैसे मोजू नका. पिवळा बलक फेकू नका, अंड्यातली चाळीस टक्क्यांहून जास्त प्रथिनं त्यात असतात आणि ब-१२ तर जवळजवळ सगळं त्यातच.

कच्चं अंडं अजिबात नको. शिजवलेल्या अंड्यातली नव्वद टक्के प्रथिनं अंगी लागतात, कच्च्यातली जेमतेम निम्मी. कच्च्या पांढऱ्या भागातलं ॲव्हिडिन बायोटिन हे जीवनसत्त्व अडवतं, आणि जुलाब-तापाचे जंतू असण्याचा धोका वेगळाच. उकळी आल्यावर दहा मिनिटं उकडा.

प्रश्न : आठवडी बाजाराच्या दिवशी अर्धा किलो मटण आणतो. पैसे खूप जातात. प्रथिनांच्या हिशेबानं चिकन, मटण, दूध, डाळ यात स्वस्त काय? (वाचक, ता. माजलगाव, जि. बीड)

उत्तर : भाव रोज बदलतात, म्हणून हिशेबाची रीत देतो, भाव तुम्ही तुमच्या बाजारातला घाला. आधी एका किलोत किती ग्रॅम प्रथिनं ते पाहायचं : तूर डाळ २१७, हरभरा डाळ २१५, शेंगदाणे २३५, सोयावडी सुमारे ५२०, म्हशीचं दूध लिटरला ३७, गाईचं ३३, पनीर १८८, अंडी डझनाला ७२. चिकन-मटणाच्या १०० ग्रॅम नुसत्या मांसात २० ते २२ ग्रॅम प्रथिनं असतात, पण हाडं धरून एक किलो घेतलं तर त्यातून १३० ते १४० ग्रॅमच पदरात पडतात. मग किलोच्या भावाला या आकड्यानं भागा आणि दहानं गुणा. दहा ग्रॅम प्रथिनांची किंमत निघाली.

समजा तूर डाळ १५० रुपये किलो आहे, तर दहा ग्रॅम प्रथिनं सात रुपयांना पडतात. अंडं सात रुपयांना एक असेल तर बारा रुपयांना. चिकन २४० रुपये असेल तर अठरा रुपयांना, मटण ८०० असेल तर साठ रुपयांच्या घरात, आणि सोयावडी १५० रुपये असेल तर फक्त तीन रुपयांना. डाळीची प्रथिनं थोडी कमी अंगी लागतात, म्हणून तिच्या किमतीत चाळीस टक्के वाढवून धरा. दहा रुपये झाले. तरीही ती अंड्याहून महाग पडत नाही, आणि मांसाहारात अंड्याइतकं स्वस्त दुसरं काही नाही.

आता तुमचं अर्धा किलो मटण. पाच माणसांत माणशी चौदा ग्रॅम प्रथिनं आली, तीही आठवड्यातून एकदा. बाकीच्या सहा दिवसांची भरपाई त्यातून होत नाही, कारण शरीर प्रथिनांचा साठा धान्यासारखा कणगीत भरून ठेवत नाही. त्यातही रश्श्यात प्रथिनं नाममात्र असतात, ती फोडीत असतात. बायका-मुलांच्या ताटात रस्सा आणि घरच्या कर्त्यांच्या ताटात फोडी अशी वाटणी होत असेल, तर ती थांबवावी. गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत रोज २२ ग्रॅम जास्तीची प्रथिनं लागतात आणि अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने १७ ग्रॅम. फोडीवर पहिला हक्क त्यांचा आहे.

मटण बंद करा असं आम्ही म्हणत नाही. त्यातलं लोह भाजीपाल्यातल्या लोहापेक्षा कितीतरी सहज रक्तात उतरतं, ब-१२ मिळतं, जस्त मिळतं. पण पैसा मोजका असेल तर मटण पंधरा दिवसांनी आणा आणि वाचलेल्या पैशातून रोजची अंडी घ्या. जायकवाडीच्या आसपास राहणाऱ्यांना रोहू-कटला मिळत असेल तर मासाही चांगला, १०० ग्रॅमला १९-२० ग्रॅम प्रथिनं. सोयावडी मिठाच्या पाण्यात सात मिनिटं उकळून, गार पाण्यात दोनदा घट्ट पिळून येसराच्या आमटीत सोडली तर घरातले मागून घेतात. न पिळता टाकली तर तिचा वास आमटीभर पसरतो आणि मग ती पुन्हा कुणी करू देत नाही. डाळ-उसळीवर लिंबू पिळा, त्यानं तिच्यातलं लोह जास्त शोषलं जातं. जेवणाला लागून चहा घेतला तर तेच लोह वाया जातं, तासभर थांबा.

प्रश्न : पोलीस भरतीची तयारी करतोय. वजन ६५ किलो. अकादमीतली मुलं पावडर घेतात, एका डब्यात महिन्याचा खर्च जातो. पावडरशिवाय अंग भरत नाही का? (वाचक, नांदेड)

उत्तर : भरतं. रोज पळणं, गोळाफेक, जोर-बैठका करणाऱ्याला वजनाच्या किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं पुरतात. तुला ७८ ते १०४ ग्रॅम. दिवसभरात फुटाणे ५० ग्रॅम (११), दोन उकडलेली अंडी (१२), म्हशीचं दूध ४०० मिली (१५), पोळी-भाकरीचं पीठ ३५० ग्रॅम (३५), डाळ ६० ग्रॅम (१३), सोयावडी ३० ग्रॅम (१५). बेरीज १०१. खोली करून राहत असशील तर फुटाणे, अंडी, सोयावडी यांना कुकर आणि एक शेगडी पुरते. सगळं एका वेळी न खाता चार वेळा विभागून खा, आणि सरावानंतर तासा-दोन तासांत एक खाणं ठेव.

मोड आलेल्या मटकीबद्दल मुलांत एक समज आहे की मोड आल्यावर प्रथिनं दुप्पट होतात. होत नाहीत. पाणी शिरून वजन वाढतं. मोडानं पचन सोपं होतं आणि क जीवनसत्त्व तयार होतं, एवढा फायदा खरा.

पावडर म्हणजे बहुतेक वेळा दुधातल्या निवळीची सुकवलेली प्रथिनं. ३० ग्रॅमच्या चमच्यात २२ ते २५ ग्रॅम. घ्यायचीच असेल तर डब्यावर १४ अंकी अन्नपरवाना क्रमांक आहे का, १०० ग्रॅममध्ये प्रथिनं किती आणि साखर किती हे वाच. वजन वाढवायची म्हणून मिळणारी पावडर बहुतांश साखर-पिठूळ पदार्थांची असते, तिला हात लावू नकोस. सुटी, बिनलेबलची पावडर तर मुळीच नको. आणि पोट भरून भाकरी न खाता नुसती पावडर घेतलीस, तर शरीर ती महागडी प्रथिनं जळण म्हणून जाळून टाकेल.

प्रश्न : वडील सत्तर वर्षांचे, दात नाहीत. दुधात भाकरी कुस्करून खातात, वजन घटलंय. मूत्रपिंडासाठी केलेल्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन थोडं वाढलंय म्हणून कुणीतरी डाळ बंद करायला सांगितलं. दुसरं, घरात नऊ महिन्यांचा नातू आहे, त्याला डाळीचं पाणी देतो, तेवढं बास का? (वाचक भगिनी, ता. जिंतूर, जि. परभणी)

उत्तर : वडिलांची डाळ कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. म्हातारपणी स्नायू झिजतात, म्हणून निरोगी ज्येष्ठांना किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं द्यावीत असं तज्ज्ञांचं मत आहे. मूत्रपिंड बरंच मंदावलं असेल तर ती ०.८ ग्रॅमच्या आसपास ठेवतात. म्हणजे ५५ किलोच्या माणसाला ४४ ग्रॅम, शून्य नव्हे. डायलिसिस सुरू झालं तर उलट जास्त लागतात, हे बऱ्याच घरांत माहीत नसतं आणि रुग्ण हाडाचा सापळा होतो. नेमका आकडा त्यांचे रिपोर्ट पाहून डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. तो मिळेपर्यंत मूगडाळीचं घोटलेलं वरण, मऊ पिठलं, दही-भात, आणि चालत असेल तर पूर्ण उकडलेलं अंडं मऊ कुस्करून द्या. प्रथिनांची पावडर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

नातवासाठी डाळीचं पाणी बास नाही. त्यात डाळच नसते, म्हणून प्रथिनंही नसतात. लहानग्याचं पोट मुठीएवढं, ते पाण्यानंच भरतं आणि बाळ उपाशी राहतं. आईचं दूध चालू ठेवा आणि वरून घट्ट खाणं द्या. दोन मुठी तांदूळ किंवा ज्वारीच्या कण्या, एक मूठ मूगडाळ, भरपूर पाण्यात गाळ होईपर्यंत शिजवा, डावानं घोटा, वर एक छोटा चमचा तूप. भाजलेल्या शेंगदाण्याचं अगदी बारीक कूट अर्धा चमचा मिसळा. अख्खा दाणा देऊ नका, श्वासनलिकेत अडकतो. काळपट, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे दाणे कुटात घेऊ नका, त्यात अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष असतं. अंडं चालत असेल तर पूर्ण शिजवलेलं अंडं या वयात बलकासकट देता येतं, सुरुवातीला चमचाभर देऊन दोन-तीन दिवस पुरळ-उलटी होते का ते पाहा. दिवसातून तीन-चार वेळा अर्धी-अर्धी वाटी द्या.

बाळाची ही घोटलेली खिमटी किती घट्ट हवी ते असं ओळखा : चमच्यात घेऊन चमचा तिरपा केला की ती ओघळून पडता कामा नये. पडली तर पुन्हा शेगडीवर ठेवा.